नापास टायर

आमची व्हॅन मी चालवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी "मग तुमच्या मिस्टरांनी ब्रेक का नाही दाबला?" असं विचारायला नको. ह्यांच्या गुडघ्याने दगा दिला तेव्हापासून स्टिअरिंग माझं आणि चाकं ह्यांची, अशी आमची वाटणी झाली आहे. आम्ही फरशा वाहतो. गोदामातून भरायच्या, लोकांच्या दारात उतरवायच्या, आणि वाटेत एकीचाही टवका उडू द्यायचा नाही. माझ्या हातून फरशी फुटल्याचं आमच्या स्टँडवर कुणाला आठवत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाहीये. बरं, बढाई म्हणूनच सांगतेय. मग काय झालं?

ह्यांची बढाई वेगळी. ह्यांचा सगळा जीव टायरमध्ये. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे हवेचा दाब मोजायचा गेज लावतात. दुपारी भरलेली गाडी घेऊन मी गोदामातून स्टँडवर आले, की मी डबा उघडायच्या आत हे आपलं बुटकं स्टूल घेऊन चाकापाशी. गुडघा वाकत नाही ना! चारही चाकांची हवा बघायची, गाडीच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याशी ताडून घ्यायची, आणि गेज जरा जरी जास्त दाखवत असेल तर फुस्स करून जादा हवा सोडून द्यायची. वर शेजारच्या गाडीवाल्याकडे बघून मान हलवायची, की बघ, काळजी घेणं याला म्हणतात. स्टँडवर सगळे ह्यांना हवालदार म्हणतात. हे समजतात, मानाने म्हणतात.

आमची एकुलती एक मुलगी, चिंगी. घरातलं नाव चिंगीच, मोठी झाली तरी सुटलं नाही. ती याच व्हॅनमध्ये वाढली. फरशांच्या खोक्यांवर बसून गृहपाठ केला, माझ्या शेजारच्या सीटवर झोपा काढल्या. पुढे तिने रबराचं शिक्षण घेतलं. ह्यांच्या बहिणीने नाक मुरडलं, "रबरात काय बाई शिकायचं असतं?" मी म्हटलं, "ताई, तुमच्या चपलेपासून आमच्या चाकापर्यंत सगळं त्याच्यावरच चाललंय." आणि चिंगीला नोकरी लागली ती टायर कंपनीच्या इथल्या सेंटरमध्ये, थेट वॉरंटीच्या टेबलावर. फुटलेला टायर कंपनीच्या चुकीने फुटला की मालकाच्या, हे ठरवायचं तिने. कंपनीची चूक निघाली तर टायर पास, म्हणजे नवा मिळणार; मालकाची निघाली तर नापास.

त्या दिवशी स्टँडवर अशी काही गडबड उडाली, की जणू सगळ्यांच्याच घरी पोर पास झालं. आजवर आमच्यापैकी ज्याने ज्याने टायर नेला, त्याचा टायर मागच्या खोलीत जायचा, थोड्या वेळाने एक चिठ्ठी बाहेर यायची, आणि चिठ्ठीवर एकच गोष्ट, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. आत कोण बघायचं, काय बघायचं, देव जाणे. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या तक्रारमामांकडे. मामा म्हणजे स्टँडवरचेच एक माल वाहणारे गाडीवाले, उन्हाळ्यात उन्हाची आणि थंडीत थंडीची तक्रार करणारे. त्यांच्यावर आता कुणी विश्वासच ठेवत नाही. ते मोठ्या आवाजात म्हणाले, "आता आपली पोर आत बसली! आता नापास करून दाखवा म्हणावं आमचा टायर!"

चिंगी स्टँडवर आलीच होती. तिने ऐकलं आणि जागच्या जागी सांगितलं, "मामा, मी टायर मागच्या खोलीत नेणार नाही. तुमच्यासमोर कापीन, तुम्हाला दाखवीन, मगच बोलेन. पास असेल तर पास, नापास असेल तर नापास." सगळे हसले. त्यांना वाटलं, पोर लोकांसमोर बोलायचं म्हणून बोलते आहे. मला मात्र तिचा स्वभाव ठाऊक. माझ्यावरच गेलीये.

घरी मला तिने खरं काय ते सांगितलं. मॅनेजरने तिला सुनावलं होतं, की तू गाडीवाल्यांच्या घरातली, वरच्या ऑफिसला आधीच शंका आहे. ओळखीच्या माणसाचा एक जरी टायर तू उगाच पास केलास असं दिसलं, तर हे टेबल तुझं राहणार नाही. म्हणजे तिच्या शब्दावर तिकडे विश्वास नाही, आणि स्टँडवाल्यांना तर तिच्याकडून शब्द नको, फक्त शिक्का हवा. मी म्हटलं, "चिंगे, आपण भलं आणि आपलं काम भलं." म्हटलं खरं, पण त्या संध्याकाळी चहात साखर दोनदा पडली.

आणि मग नेमका आमचाच टायर फुटला.

दुपारची वेळ. हवा बघून, फुस्स करून, जेवून आम्ही स्टँडवरून निघालो होतो. मागे फरशा खच्चून भरलेल्या. मोठ्या रस्त्याच्या उतारावर मागचं डावं चाक असं काही फाटलं, की आवाजाने माझे कान बसले. गाडी एका अंगाला झुकली. हे ओरडले, "दाब, दाब ब्रेक!" मी म्हटलं, "गप्प बसा!" आणि ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, गाडी आपली आपण मंद होऊ दिली, आणि हळूच कडेला घेतली. मागे जाऊन खोकी बघितली. एकही फरशी फुटली नव्हती. मी एवढी खूश झाले, की टायरचं दुःख करायचं विसरलेच.

ह्यांना मात्र टायरचंच पडलं होतं. टायर तसा नवाच, वॉरंटी अजून बाकी. "कंपनीचा माल खराब," हे म्हणाले. "माझ्या गाडीचा टायर फुटतो म्हणजे काय? हे माझ्या नावाला काळं आहे! ठणकावून दुसरा घेणार." मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "आणि टेबलावर आपलीच आहे."

मी म्हटलं, "म्हणूनच नेऊ नका."

ऐकतील तर शपथ. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, गेज खिशाला लावून टायर घेऊन गेले. मागे स्टँडवरचे निम्मे लोक, तक्रारमामा सगळ्यात पुढे. मीही गेले, कारण असल्या वेळी घरी बसून माझ्या हाताला काम सुचत नाही.

चिंगीने टेबलाच्या पलीकडून आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, की घरी पाहुणे यावेत आणि दूध उतू जावं. पण क्षणभरच. ती उठली, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "या, बसा तुम्ही."

तुम्ही! घरी बापाला अरे-तुरे करणारी पोर. "बाबा, तू जेवलास का" म्हणणारी. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शिकवलंय तिला.

तिने टायर आडवा पाडला, कापायचं हत्यार घेतलं आणि टायरच्या बाजूच्या भिंतीपासून आरपार कापला. आतून मूठभर रबराचा चुरा पडला, खोडरबराने खूप खोडल्यावर पडतो ना, अगदी तसा. आतल्या बाजूला गोल फिरत गेलेला एक काळपट पट्टा होता, सोलल्यासारखा. तिने सगळ्यांना जवळ बोलावलं. "हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते. दबून दबून तापते, आतून झिजते. हा चुरा त्याचाच. माल चांगला होता. ही गाडी कितीतरी दिवस कमी हवेवर चालली आहे."

कुणीतरी मागे खुसकन हसलं. "हवालदारांच्या गाडीत हवा कमी?"

ह्यांचे कान लाल झाले. "अशक्य! मी रोज हवा बघतो. रोज! विचार तुझ्या आईला!"

"केव्हा बघता?"

"दुपारी. गोदामातून आल्या आल्या. जास्त झाली असेल तर सोडतो पण."

चिंगीने डोळे मिटले. मला कळलं, की तिला कळलं. खालच्या आवाजात म्हणाली, "भरलेली गाडी धावून आली की टायर तापतो, आतली हवा फुगते, म्हणून गेज जास्त दाखवतो. ती हवा जास्त नसतेच. तुम्ही रोज तीच सोडत होता. गाडी थंड झाली की हवा कमीच उरणार. दारावरचा तो आकडा थंड टायरचा असतो. सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची." मग सरळ बघत म्हणाली, "हा टायर मी पास करू शकत नाही." आणि कापलेल्या तुकड्यावर खडूने सही करून खाली नापास लिहिलं.

हे उठले. कापलेल्या टायरचे दोन तुकडे स्वतःच उचलले, व्हॅनमध्ये आपटले आणि म्हणाले, "ठेवतो मी हे. वरच्या ऑफिसला दाखवतो. काळजी घेतो म्हणून टायर फुटतो, असं कधी कुणी ऐकलंय?" माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती कुणावर काढावी तेच कळेना. पोरगी बापाला चारचौघांत नापास करते याचा राग होता. आणि खरं सांगू? त्या रागाच्या खाली अंगावर मूठभर मांसही चढलं होतं. काय कापला तिने तो टायर! हात जरासुद्धा हलला नाही.

मग घरात अळीमिळी गुपचिळी. ती आली की हे गॅलरीत, ती गॅलरीत आली की हे आत. "तुझ्या मुलीला सांग, भाजीत मीठ कमी आहे." "तुझ्या मुलीला विचार, दिवा घालवायचा का." मी म्हटलं, "माझी एकटीची आहे का? मला काय ती रस्त्यावर सापडली?" चिंगी जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसायची. एकदा मला म्हणाली, "आई, मी चुकले का?" मी म्हटलं, "चुकली असतीस तर मीच कान पिळला असता."

एके दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले आणि खिडकीतून खाली बघते तर काय, हे स्टूल टाकून व्हॅनच्या चाकापाशी. गाडी रात्रभर उभी, चाकं थंडगार. गेज लावला. बघितला. काचेवर अंगठा फिरवून पुन्हा लावला, पुन्हा बघितला. मग गेज मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले. बराच वेळ. इतका, की चहा उकळून अर्धा झाला. मग उठले, पायाने मारायचा पंप काढला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यासकट चारही चाकांत हवा भरायला लागले.

वर आले तेव्हा घामाने चिंब. मी विचारलं, "काय हो, सकाळी सकाळी?"

"व्यायाम," म्हणाले.

मी पदराआड हसले. म्हटलं, कबूल करायला जीभ वळत नसेल तर नसो, पाय तर वळले. त्या दिवसापासून दुपारचं फुस्स बंद झालं. पण स्टँडवर कुणी विचारलं की ह्यांचं आपलं तेच, "अजून वरच्या ऑफिसला जायचंय मला." टायरचे तुकडे तसेच गाडीत, फरशांच्या मागे. चिंगीशी बोलणं नाहीच. आणि स्टँडवर कुजबूज वाढत चालली, की जी बापाची झाली नाही ती आपली काय होणार. तिच्याकडे टायर न्यायलाच कुणी तयार होईना.

शेवटी गेले तक्रारमामा. गेले म्हणजे काय, त्यांचा पुढचा टायर चालत्या गाडीत सोलला गेला, दुसरा इलाजच नव्हता. आम्हीच त्यांना सोडायला गेलो, कारण त्यांची गाडी उभी. हे म्हणाले, "मी बाहेर थांबतो." आणि दारापर्यंत आले, आणि दारातच उभे राहिले.

चिंगीने टायर कापला. थर उचकटले. आणि थांबली. बोटाने एक जागा दाखवली, तळहाताएवढी, चकचकीत गुळगुळीत. बाकी सगळीकडे रबर ओरबाडल्यासारखं फाटलेलं, तिथे मात्र आरशासारखं. "इथे हे दोन थर एकमेकांना कधी चिकटलेच नव्हते," ती म्हणाली. "कारखान्यातच राहिलंय. आत चुरा नाही, झीज नाही. तुमची काही चूक नाही, मामा. हा पास."

तक्रारमामांचा चेहरा बघायला हवा होता. जन्मभर तक्रार केली, आणि पहिल्यांदाच कुणी खरी मानली. त्यांना तक्रार करायलाच काही उरलं नाही.

तेवढ्यात मागून मॅनेजर आला. टायर बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "मामा म्हणालीस ना आत्ता? मामा तुझे?"

"सगळेच म्हणतात सर. स्टँडवर..."

"स्टँडवर! म्हणजे तुझ्या घरच्याच माणसांचा. मी काय सांगितलं होतं तुला? वरती मी काय तोंड दाखवू? गाडीवाल्यांच्या मुलीने गाडीवाल्याचा टायर पास केला, म्हणून? बाजूला हो. हा मी बघतो, मागच्या खोलीत."

चिंगी हलली नाही, पण तिचा रंग उतरला. रांगेत चार माणसं होती, ती बघत राहिली. माझ्या जिभेवर शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून हे नाहीसे झाले. मला वाटलं, गेले. पळाले! असा संताप आला सांगते, की आज घरी गेल्यावर ह्यांचं काही खरं नाही.

आणि मग दारातून आधी आमच्या टायरचा एक तुकडा आत आला, त्याच्यामागे हे. लंगडत, शर्टाला फरशांची पांढरी धूळ. तुकडा टेबलावर तक्रारमामांच्या टायरशेजारी दाणकन ठेवला. त्यावर खडूने चिंगीची सही होती, खाली लिहिलेलं, नापास.

"साहेब," हे म्हणाले, "हा कुणाचा टायर आहे, माहीत आहे?"

मॅनेजर म्हणाला, "कोण तुम्ही?"

"मी हिचा बाप. हा माझा टायर. आणि हा हिनेच नापास केलाय. स्टँडवरची सगळी माणसं बघत होती, कुणालाही विचारा." श्वास घ्यायला थांबले. मला वाटलं, बस, एवढंच सांगतील. पण माणूस पुढे गेला. "आणि बरोबर केलं तिने. रोज दुपारी, टायर तापलेला असताना, मी माझ्या हाताने हवा सोडायचो. या हाताने. आणि वर लोकांना शहाणपण शिकवायचो. घरात हिच्याशी बोलणं टाकलं होतं मी, तरी ही बदलली नाही. सख्ख्या बापाला जी सोडत नाही, ती या मामांना ओळखीवर पास करेल?"

मॅनेजरने दोन्ही टायर बघितले. आमच्या तुकड्यातला काळपट पट्टा बघितला, खडूची सही बघितली, मग शेजारचा तो आरशासारखा डाग अंगठ्याने चाचपला. बराच वेळ चाचपला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता इतकंच. चिंगीकडे वळून म्हणाला, "पासचा शिक्का मार. खाली माझी सही घे. आणि वरती काय कळवायचं ते तूच लिही." जाता जाता थबकला आणि म्हणाला, "टायर यापुढे इथेच कापायचे. मागच्या खोलीत नको."

तक्रारमामा रडायला लागले. मोठ्याने. रडतानाही म्हणालेच, की इथे पंखा नीट चालत नाही.

चिंगी टेबलाला वळसा घालून आली. हातमोजे तसेच, काळेकुट्ट. हे सरळ उभं राहायचा प्रयत्न करत होते, पण गुडघा थरथरत होता. तिची हनुवटी हलली, आणि मग सगळ्यांसमोर, मॅनेजरसमोर म्हणाली, "बाबा, तू बस आधी. बस ना रे."

हे बसले. खिशातला गेज काढून तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मुलगी चांगली निघाली."

"मला कशाला निरोप?" मी म्हटलं. "आहे की समोर! तिलाच सांगा!" पण मला खाली वाकून चप्पल नीट केल्याचं सोंग करावं लागलं.

निघताना सेंटरमधला माणूस आमचा तुकडा भंगारात टाकायला उचलू लागला. ह्यांनी त्याचा हात धरला. "ठेव. त्याला हात नाही लावायचा."

आता तो तुकडा आमच्या पुढच्या खोलीत आहे, भिंतीवर, तिच्या पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी. भिंतीला एवढा मोठा खिळा ठोकावा लागला. घरभर रबराचा वास सुटतो, त्यावरून मी रोज बोलते. खडूची सही पुसली जाईल म्हणून फडकं मात्र मी दुसऱ्या कुणाला लावू देत नाही, कडेकडेनं मीच पुसते. ह्यांची बहीण परवा आली होती. पदवीकडे तिने बघितलंही नाही, टायरकडे बोट करून म्हणाली, "दादा, हे काय ध्यान टांगलंयस?"

हे खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला.

"ते होय," म्हणाले. "आमच्या चिंगीने मला नापास केलं, ते."